परदेशात शिक्षिका व्हायचंय? बीएड इथं करायचं की तिथं, हे आधी ठरवा

वडूज (तालुका प्रतिनिधी) : गेल्या महिन्यात शेजारच्या वाडीतले एक काका संध्याकाळी घरी आले. हातात मुलीच्या मार्कलिस्टची फाईल होती. मुलगी बीएस्सी, विषय गणित, पहिल्या वर्गात पास. स्थळ जमलंय, मुलगा इंग्लंडला कंपनीत कामाला आहे. मुलीला शिक्षिका व्हायचंय आणि ते तिनं बघण्याच्या कार्यक्रमातच सांगितलेलं. आता प्रश्न असा की बीएडच्या सीईटीचा फॉर्म भरायचा का नाही?

मुलाकडचे म्हणतात, "तिकडं येऊन कर, तिकडची डिग्री भारी." मुलीचे मामा म्हणतात, "इथं करूनच जाऊ दे, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे." तालुक्याच्या गावातल्या एका एजंटानं सांगितलं, "लाखभर रुपये द्या, सगळं मी बघतो." काकांनी फाईल माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही बातम्या लिहिता, तुम्हीच सांगा."

मला तरी कुठं ठाऊक होतं? म्हणून त्या त्या देशांच्या सरकारी वेबसाईट उघडून वाचत बसलो. जे समजलं ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे, म्हणून इथं मांडतो. आपल्या खटाव-माणची, तिकडं खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली. आता पुढची पिढी परदेशात निघालीय. जाणाऱ्या पोराच्या नोकरीची चौकशी सगळे करतात. त्याच्याबरोबर जाणारी पोरगी तिकडं काय करणार, हे मात्र लग्नाची हळद उतरल्यावर आठवतं.

डिग्री वेगळी, परवाना वेगळा, व्हिसा वेगळा

सगळ्यात मोठा गोंधळ इथंच होतो. बीएड झालं म्हणजे जगात कुठंही शिकवता येतं, असं आपण धरून चालतो. तसं नाही. सातबारा आपल्या नावावर आहे म्हणून विहिरीवर वीज कनेक्शन आपोआप मिळत नाही. त्याचा अर्ज वेगळा, कार्यालय वेगळं. तसंच हे आहे.

पहिली गोष्ट डिग्री, ती विद्यापीठ देतं. दुसरी गोष्ट शिकवण्याचा परवाना, तो त्या देशाची किंवा त्या राज्याची शिक्षकांची संस्था देते. तिसरी गोष्ट तिथं राहण्याचा आणि काम करण्याचा व्हिसा, तो तिथलं सरकार देतं. या तीन वेगळ्या खिडक्या आहेत. एका खिडकीवर काम झालं म्हणून दुसरीवर होईलच असं नाही.

म्हणून "बीएड कुठं चांगलं" हा पहिला प्रश्नच नाही. पहिला प्रश्न आहे, "शिकवायचं कुठं?" जमीन बघून बियाणं निवडतो तसं देश बघून शिक्षण निवडायचं.

इंग्लंडला जायचं असेल तर

इंग्लंडमध्ये शिक्षकाच्या पात्रतेला क्यूटीएस म्हणतात. पीजीसीई हा तिथला साधारण एक वर्षाचा अभ्यासक्रम. लोक दोन्ही एकच समजतात, पण पीजीसीई हे विद्यापीठाचं शिक्षण आहे आणि क्यूटीएस हा शिक्षक म्हणून मिळणारा दर्जा आहे. तिथला कोर्स निवडताना त्यात क्यूटीएस मिळतो का, हे विचारलंच पाहिजे.

आपल्या लोकांसाठी महत्त्वाचा बदल २०२३ मध्ये झाला. भारतात शिक्षक म्हणून पात्र झालेल्यांना क्यूटीएससाठी थेट ऑनलाइन अर्ज करता येऊ लागला. या अर्जाला फी नाही. पण अटी आहेत. भारतातून पात्र झालेल्यांसाठी ११ ते १६ वर्षांच्या मुलांना शिकवण्याची पात्रता आणि गणित, विज्ञान यांसारखे ठरावीक विषय लागतात. पात्र झाल्यानंतर किमान एक शालेय वर्ष, म्हणजे नऊ महिने तरी, शिकवल्याचा अनुभव लागतो. इंग्रजी येत असल्याचा पुरावाही लागतो.

ही अनुभवाची अट नीट वाचा. बीएडचा निकाल लागला आणि पुढच्या महिन्यात विमानात बसलं, तर इथलं बीएड हातात असूनही हा रस्ता अडतो. म्हणजे इथला हिशोब दोन वर्षांचा नाही, तीन वर्षांचा आहे : दोन वर्षं बीएड आणि एक वर्ष शाळेत.

दुसरं म्हणजे विषय. बीएस्सी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र वाल्यांना वाट आहे. बीए मराठी किंवा इतिहास केलेल्या मुलीला हाच थेट रस्ता मिळेल असं धरू नका. तिला बहुधा तिथं जाऊन पुन्हा प्रशिक्षण घ्यावं लागेल.

आणि हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड त्याच देशात असलं तरी तिथं शिक्षकांची नोंदणी करणारी परिषद वेगळी आहे. मुलाची नोकरी लंडनला आहे का ग्लासगोला, हे विचारायला लाजू नका.

तिथं जाऊन शिकायचं तर खर्च किती?

इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्यांना २०२५-२६ साठी वर्षाची फी जास्तीत जास्त ९,५३५ पौंड आहे. म्हणजे आपल्या पैशात दहा लाखांच्या पुढं. ही मर्यादा फक्त स्थानिकांसाठी. परदेशी विद्यार्थ्याला ती लागू नाही आणि त्याची फी याहून बरीच जास्त असते.

"नवरा तिथं नोकरीला आहे, टॅक्स भरतो, मग बायको स्थानिकच की," असं वाटतं. पण स्थानिक फीसाठी साधारणपणे कायम वास्तव्याचा दर्जा आणि त्याआधीची तीन वर्षं तिथं राहिल्याचा पुरावा मागतात. नवीन लग्न होऊन गेलेली मुलगी यात सहसा बसत नाही. ज्या कॉलेजला जायचं त्यांना ईमेल करून "माझी फी कोणत्या दरानं धरणार?" एवढं लेखी विचारा. या एका उत्तरावर अर्धा एकर जमीन वाचू शकते.

एक गोष्ट मात्र मुलींच्या बाजूची आहे. नवऱ्याचा कुशल कामगार व्हिसा असेल आणि त्याच्यावर अवलंबून म्हणून बायको गेली, तर तिला तिथं काम करता येतं आणि शिकताही येतं. उलट, मुलगी स्वतः विद्यार्थी व्हिसावर पीजीसीईला गेली तर नवऱ्याला-मुलांना बरोबर नेता येत नाही. जानेवारी २०२४ पासून ती सवलत मुख्यतः संशोधनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांपुरती उरली आहे. लेकरू सहा महिन्यांचं असताना असा कोर्स निवडलेल्या बाईनं हे आधी वाचलं पाहिजे.

ऑस्ट्रेलियात दिवस मोजतात

ऑस्ट्रेलियाला स्थलांतर करणाऱ्या शिक्षकांची पात्रता एआयटीएसएल ही संस्था तपासते. त्यांची मोजपट्टी सरळ आहे. उच्च शिक्षणाची एकूण किमान चार वर्षं हवीत आणि त्यात शिक्षक-प्रशिक्षण हवं. आपली तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचं बीएड मिळून पाच वर्षं होतात. इथं आपण बसतो.

पुढची अट ४५ दिवसांच्या प्रत्यक्ष वर्ग-सरावाची, तोही देखरेखीखाली केलेला. २०१४ च्या एनसीटीई नियमांनंतर आपल्या दोन वर्षांच्या बीएडमध्ये शाळेतला अनुभव एकूण २० आठवड्यांचा ठेवला आहे. त्यामुळं नवीन बीएडवाल्यांना अडचण कमी. पण जुनं एक वर्षाचं बीएड केलेल्यांच्या कागदावर बहुतेक वेळा सरावपाठांची संख्या असते, दिवसांची नसते. कॉलेजच्या लेटरहेडवर किती दिवस, कोणत्या शाळेत, कोणत्या इयत्तेला शिकवलं हे लिहून घ्या. कॉलेज बंद पडायच्या आधी घ्या.

इयत्ताही महत्त्वाची. सराव ज्या वयाच्या मुलांबरोबर केला, त्याच गटासाठी पात्रता मोजतात. आठवी-नववीला सरावपाठ घेऊन प्राथमिक शिक्षिका म्हणून अर्ज केला तर अडतं.

इंग्रजीची परीक्षा इथं कडक आहे. आयईएलटीएस अकॅडमिकमध्ये वाचन आणि लेखनाला ७, बोलणं आणि ऐकणं याला ८ गुण लागतात. बोलण्याला ८ म्हणजे गंमत नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीला हे जमतच नाही असं नाही, पण वर्षभर आधीपासून तयारी लागते.

हे झाल्यावरही राज्याची नोंदणी वेगळी. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियाची संस्था वेगळी, सिडनीच्या न्यू साउथ वेल्सची वेगळी. तिथंच जाऊन शिकायचं तर पदवीधरांसाठी मास्टर ऑफ टीचिंग साधारण दोन वर्षांचं असतं आणि परदेशी विद्यार्थ्याची फी मोठी. नवरा-बायको दोघांना पीआर मिळाल्यावर हीच फी स्थानिक दरानं बसू शकते. घाई नसेल तर तोवर थांबणं परवडतं.

कॅनडा आणि अमेरिका : राज्य बदललं की नियम बदलला

कॅनडात प्रत्येक प्रांत स्वतःचा परवाना देतो. टोरांटो ओंटारिओ प्रांतात येतं. तिथं ओंटारिओ कॉलेज ऑफ टीचर्स ही संस्था परवाना देते. नावात कॉलेज असलं तरी तिथं शिकवत नाहीत, नोंदणी करतात. सप्टेंबर २०१५ पासून तिथलं शिक्षक-प्रशिक्षण चार सत्रांचं आहे, त्यामुळं आपल्या जुन्या एक वर्षाच्या बीएडपेक्षा दोन वर्षांचं बीएड त्याच्याशी जास्त जुळतं.

अमेरिकेतही परवाना राज्याचाच. तिथं आणखी एक अडचण आहे. नवरा एच-वन-बी व्हिसावर असेल तर बायकोला एच-फोर मिळतो. त्यावर शिकता येतं, पण नोकरी लगेच करता येत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डचं काम ठरावीक टप्प्यापर्यंत गेल्यावरच कामाची वेगळी परवानगी मागता येते. म्हणजे परवाना हातात आणि पगार नाही, अशी अवस्था होऊ शकते. अशा घरात तिथं जाऊन शिकण्याचा खर्च करताना दहा वेळा विचार करा.

दुबई, मस्कत, कुवेतला इथलं बीएडच चालतं

आखाती देशांत सीबीएसईच्या भारतीय शाळा भरपूर आहेत. तिथं भारतातलं बीएड हीच नेहमीची मागणी असते. त्यामुळं नवरा आखातात असेल तर प्रश्न सोपा : बीएड इथंच करून जा. मात्र दूरशिक्षणानं केलेलं बीएड चालेल का, हे शाळेला आधी विचारा. नियमित हजेरीचं बीएड असलेलं बरं.

तिथली खरी कसरत कागदांच्या शिक्क्यांची. संयुक्त अरब अमिरातीसाठी पदवीच्या कागदावर आधी राज्याचा शिक्का, मग आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग त्यांच्या दूतावासाचा, अशी साखळी असते. हे भारतात असतानाच करून घ्यावं. तिकडून वडिलांना पळवत ठेवलं तर महिने जातात.

इथं बीएड करताना काय बघायचं

पदवीला खुल्या गटात ५० टक्के आणि राज्यातल्या मागास प्रवर्गाला ४५ टक्के गुण लागतात. राज्याची सीईटी द्यावी लागते. कॉलेजला एनसीटीईची मान्यता आहे का हे त्यांच्या वेबसाईटवर बघा. मान्यता नसलेल्या बीएडचं परदेशात सोडा, इथंही काही होत नाही.

"हजेरीला नाही आलात तरी चालेल, परीक्षेला या" असं सांगणारी कॉलेजं सगळ्यांना ठाऊक आहेत. परदेशात जायचं असेल तर अशा ठिकाणी जाऊ नका. परदेशातली संस्था सरावाचे दिवस, इयत्ता, देखरेख करणाऱ्याचं नाव विचारते. खोटं लिहून दिलेलं उद्या उघडं पडलं तर परवाना तर जातोच, व्हिसाही धोक्यात येतो.

फीचं म्हणाल तर २०२४-२५ पासून राज्य सरकारनं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. त्यासाठी प्रवेश केंद्रीय फेरीतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत मिळत नाही. प्रवेशाआधी कॉलेजकडून हे पक्कं करून घ्या.

बारावीत असलेल्या मुलींसाठी चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही आहे. पदवी आणि शिक्षक-प्रशिक्षण एकत्र होतं, एक वर्ष वाचतं. नुसतं डीएड करून परदेशात शिक्षिका होण्याच्या भरवशावर मात्र राहू नका. बाहेर बहुतेक ठिकाणी आधी पदवी विचारतात.

नावाचा घोळ : आपल्याकडचं खास दुखणं

आपल्या महाराष्ट्रात मुलीच्या नावात वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव असतं. लग्नानंतर दोन्ही बदलतात. दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव पुढं, पदवीवर कधी वेगळं स्पेलिंग, आधारवर सासरचं नाव, पासपोर्टवर आणखी काहीतरी. आपल्याला कळतं की बाई एकच आहे. परदेशातल्या कारकुनाला त्या तीन वेगळ्या बायका दिसतात.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. परदेशात परवाना काढायचा असेल तर डिग्रीवरचंच नाव पासपोर्टवर ठेवणं सगळ्यात सोपं. बदलायचंच असेल तर विवाह नोंदणीचा दाखला काढा आणि पासपोर्टवर एकच पक्कं स्पेलिंग करा. यावरून सासरी रुसवे-फुगवे होतात हे मला माहीत आहे. पण ही गोष्ट मानाची नाही, कागदाची आहे.

बाकी कागद असे जमवा : विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या वर्षांचे गुण एकत्र दाखवणारं पत्रक), पदवी प्रमाणपत्र, शिक्षण कोणत्या भाषेत झालं याचा दाखला, सराव-अध्यापनाचं पत्र, शाळेचा अनुभव दाखला तारखांसह, आणि पासपोर्ट कार्यालयातून मिळणारं पोलीस पडताळणी प्रमाणपत्र. पोलीस प्रमाणपत्र शेवटी काढा, ते फार जुनं चालत नाही.

मग ठरवायचं कसं?

जायला दोन-तीन वर्षं अवकाश असेल, तर इथं बीएड करा आणि किमान एक वर्ष शाळेत शिकवा. खर्च कमी, आणि लग्न मोडो किंवा देश बदलो, हातात पात्रता राहते. परत यावं लागलं तरी इथल्या शाळेची दारं उघडी असतात. तिथं केलेलं प्रशिक्षण इथल्या भरतीला आपोआप चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

जायला चार-सहा महिनेच असतील, तर बीएडला प्रवेश घेऊन अर्धं सोडू नका. अर्ध्या बीएडला कुठंच किंमत नाही. त्याऐवजी कागद गोळा करा, इंग्रजीची तयारी करा. तिथं गेल्यावर शाळेत मदतनीस म्हणून काम मिळतं का बघा. त्यासाठी सहसा शिक्षकाचा परवाना लागत नाही आणि वर्ग कसा चालतो ते कळतं. मग स्थानिक फी बसेल तेव्हा तिथं शिका.

देशच पक्का नसेल, तर इथलं दोन वर्षांचं नियमित बीएड हा सगळ्यात कमी धोक्याचा सौदा.

आणि एजंट? इंग्लंडचा क्यूटीएस अर्ज असो की ऑस्ट्रेलियाची पात्रता तपासणी, दोन्ही स्वतः ऑनलाइन करता येतात. इंग्लंडचा अर्ज तर फुकट आहे. जे फुकट आहे त्याचे लाखभर कशाला द्यायचे? नियम अधूनमधून बदलतात, म्हणून फॉर्म भरायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी वेबसाईटवरचा ताजा नियम वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणारा नको.

काकांच्या घरी काय झालं

परवा काका भेटले. मुलीनं हा सगळा हिशोब एका कागदावर मांडला आणि होणाऱ्या नवऱ्याला फोटो काढून पाठवला. एका बाजूला तिथली फी, दुसऱ्या बाजूला इथली तीन वर्षं. मुलगा दोन दिवस गप्प होता म्हणे. मग त्यानंच त्याच्या आईला सांगितलं की लग्न पुढच्या वर्षी करू, तोवर तिचं बीएडचं पहिलं वर्ष होऊ दे. लग्नानंतरही बाकीचं ती इथंच पूर्ण करेल.

सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. "लग्न झाल्यावर पोरगी माहेरी ठेवायची का?" असं त्यांचं म्हणणं. तेही एका बाजूनं खरं आहे. तीन वर्षं म्हणजे काही कमी नाहीत आणि ती कुणाच्या तरी संसारातनंच जाणार.

पण मुलीनं सीईटीची पुस्तकं आणलीत. यादी करताना मुलगा कुठं नोकरीला, पगार किती, घर स्वतःचं का भाड्याचं हे आपण विचारतोच. त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारा : "आमची पोरगी तिकडं शिकवणार असेल, तर तिचा परवाना कसा आणि कधी निघणार?" उत्तर नसेल तर दोन्ही घरांनी मिळून शोधा. साखरपुड्याआधी शोधलं तर बरं.